अडकलेला सूर : मिडी केबलमधून नेटवर्कवर

मागच्या व्याख्यानात आपण सिंथेसायझर कसा घडला ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा भाग. ही वाद्यं, आणि नंतर संगीताच्या कामाचे संगणक, एकमेकांशी बोलायला कसे लागले? आणि बोलताना एखादा शब्द हरवला तर काय होतं? दुसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आपला बराचसा वेळ त्यातच जाणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, जातात त्या फक्त सूचना. पेटी वाजवणाऱ्याचं बोट पट्टीवर पडलं ही एक सूचना, आणि बोट उचललं ही दुसरी, अगदी वेगळी. पहिली पोचली आणि दुसरी वाटेत हरवली, तर पलीकडचं वाद्य बिचारं सूर धरूनच बसतं. आम्ही एकदा एका छोट्या स्टुडिओत दोन लॅपटॉप साध्या वाय-फायवर जोडले होते. गायिकेचा अंतरा सुरू झाला आणि तंतुवाद्यांचा एक कोमल गंधार मागे तसाच राहिला, हटेचना. रागात तो स्वर नव्हता हे सांगायला नकोच!

१९८० च्या आसपास प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती. एका कंपनीचा कीबोर्ड दुसरीच्या यंत्राला जोडायचा म्हणजे खटपटच. रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ मध्ये समान जोडणीचा विषय काढला. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वुड यांच्यासह त्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे तसा प्रस्ताव मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेनं जोडले गेले. वाजवला एक, वाजले दोन. दोघे बाजारातले स्पर्धक, हे लक्षात ठेवा. आणि या मानकासाठी कुणाकडून परवाना-शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं. मिडी टिकलं त्यात अभियांत्रिकीइतकाच या निर्णयाचा वाटा आहे, असं आम्हाला वाटतं.

आता तारेचा हिशोब बघा. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट पाठवायला १० बिट लागतात, आणि एका सुराची सूचना ३ बाइटची. म्हणजे एका सुराला साधारण १ मिलिसेकंद. दहा बोटांनी एकदम स्वरसमूह दाबला, तर शेवटचा सूर पहिल्याच्या साधारण ९ मिलिसेकंद मागे. कानाला चालून जातं. पण तार १५ मीटरच्या पुढे न्यायची नाही, ती एकाच दिशेनं बोलते, आणि एका तारेवर १६ चॅनेल. मंचावर हे पुरेसं होतं. शिवाय तार संथ असली तरी भरवशाची होती: जे पाठवलं ते त्याच क्रमानं पोचणार.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात काही मंडळींना वेगळंच हवं होतं. जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड यांनी १९७८ मध्ये ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ सुरू केली. केआयएम-१ नावाचे छोटे संगणक, त्यांची स्मृती जेमतेम १ किलोबाइट, हातानं जोडलेल्या तारा, आणि प्रत्येक संगणक शेजारच्याचं ऐकून स्वतःचं वाजवणार. पुढे बिशॉफ आणि टिम पर्किस यांच्यासह सहा जणांचा ‘द हब’ हा गट झाला. मधोमध सामायिक स्मृतीची एक पेटी: ज्याला जे सांगायचं ते त्यानं तिथे ठेवायचं, बाकीच्यांनी वाचायचं. गावच्या फळ्यासारखं. १९९० मध्ये त्यांनी ही पेटी सोडून मिडीची जोडणी घेतली. आता फळा गेला आणि चिठ्ठी आली: कुणीही कुणालाही नेमका निरोप पाठवू शकत होता. पर्किस यांच्या ‘वॅक्सलिप्स’ या रचनेचा नियम एवढाच होता, की सूर वाजवण्याची विनंती आली की तो वाजवा, त्यात काहीतरी बदल करा आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. बस्स. संगीत त्या निरोपांच्या फेऱ्यांतून उगवायचं. नेटवर्क म्हणजे नुसती लांब तार नव्हे, हे या लोकांना फार आधी कळलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी तीन ठिकाणांहून इंटरनेटवर एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र संगीतापेक्षा जोडणी सांभाळण्यातच वेळ गेला.

व्यावसायिक स्टुडिओंची गरज जास्त व्यवहारी होती. १९९८ च्या सुमारास गिगासॅम्पलरसारखी सॉफ्टवेअर आली. खऱ्या वाद्यांचे मोठमोठे नमुने थेट हार्ड डिस्कवरून वाजवायची. अख्खा वाद्यवृंद एका संगणकात मावेना, म्हणून चित्रपट-संगीतकारांनी संगणकांची रांगच लावली. एकात व्हायोलिनं, दुसऱ्यात पितळी वाद्यं. प्रत्येकाला मिडीची वेगळी तार, मध्ये इंटरफेसचे डबे. आणि गंमत म्हणजे हेच संगणक फायली देण्याघेण्यासाठी इथरनेटनं आधीच जोडलेले असायचे! मग मिडी त्याच तारेतून का नको?

कारण इथरनेट वेगवान आहे, पण वेळेचं वचन देत नाही. पाकीट उशिरा येईल, कधी येणारही नाही. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणारी टीसीपी ही पद्धत होतीच. पण घाटात एक ट्रक बंद पडला की मागच्या सगळ्या गाड्या थांबतात, तसं एका हरवलेल्या पाकिटासाठी पुढचे सूर तिष्ठत बसतात. फाइलला ते चालतं, तालाला नाही. दुसरा मार्ग यूडीपी: पाठवा आणि विसरा. त्यात अडकलेला सूर ठरलेलाच.

बर्कलीचे जॉन लाझारो आणि जॉन वॉर्झिनेक यांनी याची जी सोडवणूक केली ती आम्हाला फार आवडते. २००१ मध्ये त्यांनी नेटवर्कवरच्या वादनावर निबंध वाचला, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये आरटीपी-मिडी हे मानक आरएफसी ४६९५ म्हणून प्रसिद्ध झालं. कल्पना अशी: हरवलेलं परत मागायचंच नाही. प्रत्येक नव्या पाकिटासोबत मागच्या काळाचं एक छोटं टिपण द्यायचं: कोणते सूर चालू आहेत, कोणते बंद झाले, पेडलची स्थिती काय. पाकिटांवर क्रमांक असतात. सातनंतर नऊ आलं की घेणाऱ्याला कळतं, आठ गेलं. तो टिपण बघतो आणि अडकलेला सूर सोडतो. आठव्या पाकिटात नवा सूर सुरू व्हायचा होता आणि आता उशीर झाला असेल, तर तो गाळलेलाच बरा, हेही तो ठरवू शकतो. वादकही हेच करतो ना? चुकलेली मात्रा तो परत वाजवत बसत नाही, पुढची सम गाठतो. टिपण फुगू नये म्हणून घेणारा अधूनमधून ‘इथपर्यंत पोचलं’ असं कळवतो, मग जुना भाग छाटला जातो. आणि हरवलेल्या पाकिटामागून काही येणारच नसेल तर? तेव्हा पाठवणारा नुसतं टिपण असलेलं रखवालीचं पाकीट धाडतो.

अॅपलनं २००५ च्या टायगर या मॅक प्रणालीतच नेटवर्क-मिडी दिलं होतं. २०१० मध्ये ते आयफोन-आयपॅडवर आलं, आणि विंडोजसाठीही जोडणी उपलब्ध झाली. त्यात दोन संगणक आधी तीन निरोपांत घड्याळं जुळवून घेतात. आयपीमिडीसारखे काही साधे उपायही लोकप्रिय झाले. त्यात असं टिपण नाही, पण स्टुडिओतल्या स्वतंत्र तारेवर पाकिटं क्वचितच हरवतात, म्हणून चालतं. वाय-फायवर मात्र जपून. आमचा तो गंधार आठवा.

२०२४ मध्ये मिडी २.० साठी नेटवर्कचं नवं मानक आलं, तेही यूडीपीवरच. त्यात आधीच्या सूचना पुढच्या पाकिटात पुन्हा घालता येतात, आणि गरज पडली तर हरवलेलं परतही मागता येतं. दरम्यान, सगळे सूर एकदम बंद करणारं ‘पॅनिक’ बटण अनेक सॉफ्टवेअरमध्ये आजही ठेवलेलं असतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.