पिनरचा चित्रकार आणि ताणलेली फीत

पिनर मेमोरियल पार्कमधलं तळं आपल्या भागातल्या मराठी घरांना चांगलंच परिचयाचं आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पहिल्या आठवड्यात फिरायला न्यायची ती ठरलेली जागा. त्याच बागेत, वेस्ट हाउसला लागून, २०१६ पासून एक छोटंसं संग्रहालय आहे. आपली बरीचशी मंडळी शेजारच्या कॅफेत चहा पिऊन त्याच्या दारावरूनच परत फिरतात.

हे संग्रहालय विल्यम हीथ रॉबिन्सन या चित्रकाराचं. जन्म १८७२ चा, आणि १९०८ ते १९१८ या काळात मुक्काम इथे पिनरला. त्याची खासियत म्हणजे अशक्य यंत्रं. साधंसं काहीतरी काम असायचं, आणि त्यासाठी दोऱ्या, कप्प्या, मेणबत्त्या, छत्र्या, चहाची किटली आणि चार टकले गृहस्थ! दोरी कमी पडली की तिला गाठ मारून दुसरी जोडलेली. आणि ते टकले गृहस्थ इतके गंभीर, जणू सत्यनारायणाला बसले आहेत. इंग्रजीत आजही एखादी वस्तू कशीबशी जोडून चालवलेली दिसली की तिला 'हीथ रॉबिन्सन' म्हणतात. आपल्याकडे जुगाड म्हणतात तेच, पण थोड्या कौतुकाने.

या चित्रकाराच्या नावाचं एक खरंखुरं यंत्र होतं, आणि त्यातल्या एका बिघाडाने संगणकाचा इतिहास बदलला. त्याकडे वळण्याआधी घरची एक गोष्ट सांगतो, कारण विषय डोक्यात आला तो तिच्यामुळेच.

गेल्या हिवाळ्यात लेकीने शनिवारच्या नोकरीचे पैसे साठवून गेमिंगसाठी नवा पीसी जोडायला घेतला. सुटे भाग आले, दुपारभरात जोडून झाले. बटण दाबलं, पंखे फिरले, रंगीबेरंगी दिवे लागले, आणि स्क्रीन काळाच. हल्ली बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट. सुरू होताना बोर्ड एकेका भागाची तपासणी करतो आणि जिथे अडेल तिथला दिवा लागून राहतो. आमचा मेमरीवर अडला होता. "बाबा, बोर्डच खराब आलाय, परत पाठवूया," म्हणून ती खोकं शोधायला लागली. मी म्हटलं, जरा थांब. डीडीआर५ जातीची मेमरी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा बोर्ड तिच्या प्रत्येक तारेवर सिग्नल कधी पोचतो ते मोजतो आणि सगळ्यांची वेळ एकमेकांशी जुळवून घेतो. याला 'ट्रेनिंग' म्हणतात आणि त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात. आम्ही चहा टाकला. चहा गाळेपर्यंत स्क्रीन उजळला होता.

मग विंडोज घालताना नेटवर्कच सापडेना. बोर्डावरची नेटवर्कची चिप इतकी नवी, की विंडोजच्या पेन ड्राइव्हवर तिचा ड्रायव्हरच नव्हता. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायला ड्रायव्हर हवा! किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, तशातली गत. फोन यूएसबीच्या वायरने जोडून, त्याचं इंटरनेट वापरून तेही निभावलं.

खरा त्रास पुढे सुरू झाला. जोडणी तासन् तास छान चालायची आणि मध्येच तुटायची. पुन्हा आपोआप यायची. मंडळी, जे यंत्र पूर्ण बंद पडतं ते सज्जन समजावं. अधूनमधून बिघडणारं यंत्र माणसाचा अंत पाहतं, कारण तुम्ही तपासायला बसलात की ते शहाण्यासारखं वागतं. अशा वेळी नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. ड्रायव्हर बदलला, फरक नाही. राऊटरवरचं पोर्ट बदललं, फरक नाही. मग त्याच केबलला माझा जुना लॅपटॉप लावला, तर तोही पडला. म्हणजे नवा बोर्ड निर्दोष! लेकीच्या वहीत वेळा लिहिलेल्या होत्या, त्यावरून लक्षात आलं की घरातलं हीटिंग सुरू झाल्यावरच हे होतं. आधीच्या मालकाने भिंतीत बसवलेल्या सॉकेटमध्ये एक तार सैल होती. शेजारचा गरम पाण्याचा पाइप तापला की ती जरा हलायची आणि संपर्क सुटायचा.

जुळणारी वेळ, सैल जोड आणि तापमान. अगदी याच तीन गोष्टींशी ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आसपास काही माणसं झगडत होती, आणि त्यांचा बिघाड युद्धावर परिणाम करणारा होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराच्या वरिष्ठ सेनानींचे संदेश 'लोरेन्झ' नावाच्या यंत्रातून सांकेतिक होऊन टेलिप्रिंटरच्या लिपीत जात. एनिग्मा सर्वांना माहीत आहे. हे यंत्र त्याहून गुंतागुंतीचं, बारा चाकांचं. ब्लेचली पार्कमधल्या बिल टट या तरुणाने १९४२ च्या सुरुवातीला, ते यंत्र कधीही न पाहता, नुसत्या संदेशांवरून त्याची रचना ताडली. पण रोजच्या रोज चाकांची स्थिती शोधायची तर इतकी मोजणी करावी लागे, की हाताने ती होणं अशक्य. गणिती मॅक्स न्यूमन यांनी सुचवलं, की हे यंत्राने मोजू या. १९४३ च्या जूनमध्ये ते यंत्र आलं. लोखंडी खाटेसारखा एक सांगाडा, त्यावर कप्प्याच कप्प्या, आणि कप्प्यांवरून गरागरा फिरणाऱ्या भोकं पाडलेल्या कागदाच्या दोन फिती. नौदलाच्या महिला दलातल्या मुली, ज्यांना 'रेन्स' म्हणत, ते चालवायच्या. त्यांनी ते पाहिलं आणि नाव ठेवलं : हीथ रॉबिन्सन.

एका फितीवर जर्मन संदेश, दुसरीवर चाकांचा नमुना. दर फेरीला एक फीत दुसरीपेक्षा एका अक्षराने पुढे सरके, प्रकाशाच्या साहाय्याने दोन्हींवरची भोकं वाचली जात, आणि जुळणी किती वेळा झाली ते यंत्र मोजी. सेकंदाला सुमारे दोन हजार अक्षरं. कल्पना अचूक होती. पण दोन्ही फिती अगदी एका तालात धावायला हव्यात, आणि त्या दातेरी चाकांवरून ओढल्या जात. कागद तो कागदच. वेगाने ताणला जाई, दात्यांची भोकं झिजून मोठी होत, मध्येच फीत फाटे. तुटली तर निदान कळायचं. नुसती ताणली गेली तर एका फितीचं अक्षर दुसरीच्या भलत्याच अक्षरासमोर येई आणि आकडा चुकीचा निघे. तीच फीत पुन्हा लावली तर आकडा वेगळा! आमच्या सॉकेटचाच जातभाई.

हे यंत्र नीट करायला टपाल खात्याचा एक अभियंता बोलावला गेला, टॉमी फ्लॉवर्स. पूर्व लंडनमधल्या पॉपलरचा, गवंड्याचा मुलगा. नोकरी डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस रिसर्च स्टेशनमध्ये. डॉलिस हिल म्हटलं की आपले कान टवकारणारच. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. गणपतीला, दिवाळीला आपण सहकुटुंब जातो, पार्किंगसाठी टेकडीला चार प्रदक्षिणा घालतो, तीच ही टेकडी. रिसर्च स्टेशनची ती विटांची भव्य इमारत मंडळापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर अजून उभी आहे. आता तिच्यात फ्लॅट्स आहेत.

फ्लॉवर्सने काय केलं, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतं. दोन फिती जुळत नाहीत म्हटल्यावर कुणीही अधिक चिवट कागद, अधिक चांगली चाकं शोधली असती. याने विचारलं, दोन फिती हव्यातच कशाला? चाकांचा नमुना ठरलेला असतो, तो व्हॉल्व्हच्या सर्किटमधून विजेनेच निर्माण करू. मग उरली एकच फीत, आणि जुळवायचं काही राहिलंच नाही. त्या एका फितीची दातेरी चाकंही त्याने काढून टाकली. कडेची बारीक भोकं ओढण्यासाठी न वापरता प्रकाशाने वाचायची, आणि त्यांच्यावरूनच सगळ्या यंत्राचा ठोका ठरवायचा. कागद ताणला तर ठोकाही त्याच्याबरोबर बदलणार, मग चूक होईल कशी?

यासाठी सुमारे सोळाशे व्हॉल्व्ह लागणार होते, आणि इथे तज्ज्ञांनी माना हलवल्या. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी घरी पाहिला आहे त्यांना शंका लगेच कळेल. एका रेडिओतले पाच-सहा व्हॉल्व्ह धड टिकत नाहीत, तर सोळाशे एकदम कसे चालणार? पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केल्यामुळे फ्लॉवर्सला एक गोष्ट ठाऊक होती. व्हॉल्व्ह जातात ते बहुतेक वेळा चालू-बंद करताना, तापण्या-निवण्याच्या ताणाने. ते बंदच केले नाहीत तर वर्षानुवर्षं चालतात. ब्लेचलीचा फारसा उत्साह नसताना, वरिष्ठ गॉर्डन रॅडली यांच्या पाठिंब्यावर, डॉलिस हिलच्या मंडळींनी रात्रंदिवस खपून यंत्र उभं केलं. डिसेंबर १९४३ मध्ये ते टेकडीवर चाललं, जानेवारीत ब्लेचलीला गेलं आणि ५ फेब्रुवारी १९४४ ला कामाला लागलं. त्याचं नाव कोलोसस. फीत सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगाने धावे. मुद्दाम वेग वाढवून पाहिला तेव्हा सुमारे ९,७०० वर कागदाच्या चिंध्या झाल्या!

सुधारलेलं दुसरं यंत्र १ जूनपर्यंत हवंच, असा निरोप होता. कारण कुणी सांगितलं नाही. ३१ मेच्या रात्री २,४०० व्हॉल्व्हचं ते यंत्र जागेवर उभं होतं आणि चालत नव्हतं. पहाटे बाकीचे थकून घरी गेले, बिल चॅन्डलर एकटा राहिला. काही सर्किटं न सांगता आपापली कंपनं निर्माण करत होती. त्याने ती शोधून ठिकठिकाणी रेझिस्टर जोडले, आणि सकाळी सहकारी परतले तेव्हा यंत्र चालू होतं. ६ जूनला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या.

हे झालं डॉलिस हिल. आता नकाशा पिनरपाशी आणा. आपल्या नैर्ऋत्येला ईस्टकोट, पूर्वेला स्टॅनमोर. युद्धाच्या उत्तरार्धात या दोन्ही ठिकाणी ब्लेचलीची उपकेंद्रं होती आणि तिथे एनिग्मा फोडणारी 'बाँब' नावाची यंत्रं रांगांनी उभी होती. ट्युरिंग आणि वेल्चमन यांची रचना, लेचवर्थच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीची बांधणी. एकेक यंत्र सुमारे एक टन वजनाचं, दर्शनी बाजूला १०८ फिरते ड्रम, आणि प्रत्येक ड्रमच्या पाठीला तारांचे १०४ बारीक ब्रश. यातला एक ब्रश वाकून शेजारच्याला चिकटला की शॉर्ट सर्किट, आणि मिळालेलं उत्तर निरर्थक. म्हणून रेन्सच्या मुली आठ-आठ तासांच्या पाळीत हातात चिमटा घेऊन तारेचे ब्रश एकेक करून सरळ करत बसत. हाताशी तपासणीचा दिवाही नाही आणि आपण नक्की काय शोधतो आहोत याची माहितीही नाही. युद्धाअखेरीस अशा दीड हजारांहून अधिक मुली हे काम करत होत्या. ट्युरिंगचं नाव आज पन्नास पौंडांच्या नोटेवर आहे आणि ते योग्यच आहे. पण माझं मत विचाराल तर त्या चिमट्यांनाही नोटेवर नाही तरी संग्रहालयात मानाची काच मिळायला हवी. ईस्टकोटचा तो तळ आता नाही, तिथे घरं झाली आहेत.

जाता जाता एक : लेचवर्थच्या याच कंपनीने बनवलेला संगणक १९५५ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. भारतातला तो पहिला डिजिटल संगणक. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने र. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा बांधला. तो १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण 'टिफ्रॅक' असं केलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. तेही कुलाब्याच्या दमट हवेत, म्हणजे सांभाळणाऱ्यांची परीक्षाच!

युद्ध संपलं तेव्हा कोलोससची संख्या दहा झाली होती. आठ मोडण्यात आले. उरलेले दोन, आणि त्यांच्याबरोबर संकेत फोडणारं सगळं खातंच, आधी ईस्टकोटला आणि मग चेल्टनहॅमला गेलं. फ्लॉवर्सला नकाशे नष्ट करण्याचा हुकूम झाला आणि त्याने ते डॉलिस हिलच्या भट्टीत जाळले. त्याला १,००० पौंड बक्षीस मिळालं, ते त्याने सहकाऱ्यांत वाटून टाकलं. गुप्ततेची शपथ सगळ्यांनाच होती. रेन्सच्या मुली आज्या झाल्या तरी नवऱ्याशी, मुलांशी त्याबद्दल बोलल्या नाहीत. १९७० च्या दशकात हळूहळू माहिती बाहेर येऊ लागली, तोवर कितीकांचे आईवडील मुलीने युद्धात काय केलं हे न कळताच गेले होते. खुद्द हीथ रॉबिन्सन १९४४ च्या सप्टेंबरमध्ये वारला. आपल्या नावाचं यंत्र ब्लेचलीत फिती फाडत होतं, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता. कळलं असतं तर त्याने त्या फितीला आधी एक गाठ मारली असती.

१९९३ मध्ये टोनी सेल यांनी जुनी छायाचित्रं आणि अभियंत्यांनी कुठेकुठे जपून ठेवलेली कागदाची चिटोरी जमवून कोलोसस पुन्हा बांधायला घेतला. तो आज ब्लेचलीच्या संगणक संग्रहालयात चालताना पाहता येतो, आणि तिथे हीथ रॉबिन्सनचीही प्रतिकृती आहे. मुलांना घेऊन जरूर जा. डॉलिस हिलला त्या जुन्या इमारतीजवळ 'फ्लॉवर्स क्लोज' नावाचा एक रस्ता आहे. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जाताना पाटी बघून ठेवा. सेल यांनी काम हाती घेतलं त्याच १९९३ साली, सत्त्याऐंशी वर्षांच्या टॉमी फ्लॉवर्सने जवळच्या हेंडन कॉलेजात पर्सनल कॉम्प्युटर वापरण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि त्याला तसं प्रमाणपत्र मिळालं.