दौत, बोरू आणि माळ्यावरचे कागद

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलगा, सून आणि नातीबरोबर पुण्याला जाणं झालं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात चौथीतली नात पितळी दौतींपाशी थबकली. "आजोबा, शाई यात, मग पेन कुठंय?" पेन वेगळं असायचं आणि लिहिताना ते पुन्हा पुन्हा दौतीत बुडवावं लागायचं, याचं तिला भारी नवल वाटलं. तिला जे सांगितलं, तेच थोडं विस्ताराने इथे मांडतो.

बोरू म्हणजे पोकळ दांड्याचं एक गवत. त्याची कांडी चाकूने तासून टोकाला चीर दिली की लेखणी तयार. काळी शाई काजळी आणि डिंकापासून करत. ओली अक्षरं सुकावीत म्हणून वर बारीक वाळू टाकत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नावाजलेला होता.

दरबारी लिखाण मोडीत होई. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता झरझर लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. यादवांचे मंत्री हेमाडपंत यांनी ही लिपी प्रचारात आणली, असं परंपरा सांगते. लिहिणाऱ्याला मान मोठा. चिटणीस, फडणीस, सबनीस या आडनावांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा.

बँकेत जन्म गेल्यामुळे मला विशेष वाटते ती पत्राच्या शेवटी उमटवायची छोटी मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते', पेशवाईत 'लेखनसीमा'. मजकूर इथे संपला, खाली कोणी काही घुसडू नये, हा हेतू. चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहून आपण रेघ मारतो, ती याच सावधगिरीने.

गेल्या शतकाच्या मध्याला शाळांमधून मोडी गेली. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे दोन मोडी कागद आहेत. नोकरीत मी शेकडो दस्त तपासले, पण या दोहोंतलं एक अक्षर मला लागत नाही. जमीन गहाण टाकली की सोडवली, कोण जाणे! लेखणी गेली त्याचं एवढं दुःख नाही. तिने लिहिलेलं वाचणारं माणूस घरात उरलं नाही, याची मात्र रुखरुख वाटते.

आपल्या सोसायटीत आणखी काही घरांच्या माळ्यावर असे कागद असतील. आवराआवर करताना ते रद्दीत घालू नका. आधी मोडीच्या जाणकाराला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जपत आलं आहे, तिथे चौकशी करता येईल.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. सोसायटीच्या पहिल्या सभांचं इतिवृत्त हाताने लिहिलेलं आहे. ते पुस्तक ऑफिसच्या कपाटात अगदी तळाला, ओलीला पडलंय. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ते तेवढं वरच्या कप्प्यात ठेवावं.