पडद्यावेगळे गाणे

आपल्या देशात लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटातील गाणे, हे समीकरण फार जुने आहे. गाणारा पडद्यामागे आणि ओठ हलविणारा पडद्यावर, ही रीत रसिकांनीही मान्य केली. मराठी भावगीताने आपली निराळी वाट चोखाळली. परंतु चित्रपटाबाहेरचे, देशभर पोहोचणारे तरुणांचे गाणे खऱ्या अर्थाने बहरले ते १९९०च्या दशकात. ‘इंडिपॉप’ या नावाने ते ओळखले गेले आणि मुंबई हे त्याचे प्रमुख केंद्र ठरले.

त्याची मशागत आधीच झाली होती. १९८१ साली बिद्दू यांच्या संगीताने नटलेला, पाकिस्तानच्या नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ भारतातही गाजला. गोव्यातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी त्याच दशकात घरीच ध्वनिमुद्रण करून आपल्या कॅसेट स्वतःच दुकानोदुकानी पोहोचविल्या. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या : १९९४ साली ‘चॅनेल व्ही’ आणि १९९६ साली ‘एमटीव्ही’. स्वस्त कॅसेट आणि केबल यांच्या जोरावर हे गाणे महानगरांबाहेरही पोहोचले.

१९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने उच्चांक गाठला. १९९६ साली हरिहरन व लेस्ली लुईस यांचा ‘कलोनियल कझिन्स’ आणि लकी अली यांचा ‘सुनो’ आला. १९९८ साली शंकर महादेवन यांचा ‘ब्रेथलेस’. गाणाऱ्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा चेहरा मिळाला, हे या गाण्याचे मोठे देणे होय.

मात्र नव्या शतकात ही लाट ओसरली. वाहिन्यांचा वेळ चित्रपटांच्या जाहिरातींनी व्यापला. चोरट्या सीडी आणि इंटरनेटवरील फुकट गाणी यांमुळे कॅसेटची विक्री खालावली. कंपन्यांनी चित्रपटसंगीताचा आश्रय घेतला. गायकही तिकडेच वळले. लकी अली २००० साली ‘कहो ना... प्यार है’मध्ये, तर अलिशा २००५ साली ‘कजरा रे’मध्ये पार्श्वगायनात दिसल्या.

येथे कला उणी पडली नाही. ज्या वाहिन्यांवर व कंपन्यांवर ती विसंबली होती, त्यांचे हित बदलले. आज केजसारख्या तालुक्याच्या गावातील तरुणही आपले गाणे इंटरनेटवरून जगापुढे ठेवू शकतो. रेमोंच्या त्या कॅसेटचीच ही पुढची पायरी. तथापि, इंटरनेटवरील ही व्यासपीठेही परक्यांच्याच मालकीची आहेत. म्हणून अशा गाण्याला टिकायचे असेल, तर त्याला जवळचा, आपुलकीचा श्रोता हवा. आपल्या गावच्या मुलाने रचलेले गाणे शांतपणे ऐकावयास आपण वेळ देतो काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.