रंगभूमीवर आपण कशा आलो

मी सातवी शिकलेली गृहिणी. विद्वत्ता सांगत नाही. एके काळी बालगंधर्वांचे लुगडे नेसणे व दागिने पाहून घरंदाज बायका तसाच साज करीत. पुरुषाने स्त्रीला नटणे शिकवावे, पण स्त्रीने स्वतः रंगभूमीवर जाणे मात्र कमीपणाचे! १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीही अण्णा साळुंके यांनीच केली. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. लोकांनी पाहिले आणि हळूहळू मने बदलली. आज आपल्या मंडळाच्या नाटकात पुरुषांच्या भूमिकाही आपणच करतो. सासूबाई कौतुकाने पुढच्या रांगेत बसतात. ही वाट ज्यांनी पाडली त्यांचे वर्धापनदिनी स्मरण व्हावे, एवढेच मागणे.