काकडीच्या माळावर एओजी

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही. तो आहे कोपरगाव तालुक्यात, काकडीच्या माळावर. १ ऑक्टोबर २०१७ ला तो सुरू झाला. असल्या छोट्या तळावर विमान बिघडून अडकलं की इंजिनिअर मंडळी म्हणतात, ‘एओजी झालंय’. एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड. प्रत्येक बिघाडाने विमान अडकत नाही. काही दोष ठरावीक दिवस अंगावर घेऊन उडायची मुभा एमईएल नावाच्या यादीत असते. यादीबाहेरचा दोष निघाला की मात्र हवा तो सुटा भाग मिळेल त्या वाटेने आणायचा: पुढच्या विमानाने, नाहीतर रस्त्याने. ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्याहून थेट समृद्धी महामार्ग आहेच. सोबत प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर नवाकोरा पंपही विमानाला लावता येत नाही.

ही तातडीची रीत आली कुठून?

लोक म्हणतात, तारायंत्रातून. १९४९ मध्ये अकरा विमान कंपन्यांनी ‘सीता’ ही संदेशवहनाची संस्था काढली, टेलिप्रिंटरवर अक्षरं वाचवायची म्हणून असली लघुरूपं रुळली, इतकंच. मला हे पटत नाही. टेलिप्रिंटरने एओजी जगभर नेलं असेल, पण जन्माला घातलं नाही. त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाच्या भांडारांत एओजी मागण्या येत होत्या. दुसरा पक्ष अमेरिकेचा. पण त्यांच्या लष्करी विमानदळात सुट्या भागांअभावी पडून राहिलेल्या विमानाला एओसीपी म्हणत. घरात निराळं नाव रुळलेलं असताना हे त्यांनी कशाला घडवावं? शिवाय एओजीचं सख्खं भावंड ब्रिटिश लष्करातच सापडतं: बंद पडलेल्या गाडीसाठी व्हीओआर, म्हणजे व्हेइकल ऑफ रोड. घडण तीच. यंत्र कोणतं आणि ते कुठे अडलंय, एवढंच सांगायचं.

आपल्याकडचा वारसा तर काकडीहून फार लांब नाही. ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालेलं भारतीय हवाई दल ब्रिटिश दलाच्याच पठडीत वाढलं. त्याच्या पहिल्या स्क्वाड्रनने १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या द्रिघ रोडवर काम सुरू केलं. तिथल्या डेपोत इंजिनदुरुस्तीच्या विभागात १९२७ मध्ये टी. ई. लॉरेन्स, तोच ‘अरेबिया’वाला, नाव बदलून कारकुनी करत होता. आज नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, आणि कॅगचे अहवाल सुट्या भागांअभावी उभी राहिलेली लढाऊ विमानं एओजी याच नावाखाली मोजतात.

मग लष्करातून नागरी विमानांत ही रीत कोणी आणली? माझा उमेदवार आहे नेव्हिल व्हिन्सेंट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी द्रिघ रोडहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवलं. ते पुढे मद्रासला नेलं व्हिन्सेंटने, आणि हा गडी मूळचा ब्रिटिश हवाई दलातला. टाटांकडे तेव्हा पस मॉथ दोनच. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्या वर्षी टपाल शंभर टक्के वेळेवर पोचल्याची नोंद झाली. विमानं दोन, राखीव जवळजवळ नाहीच, अशा ठिकाणी भांडाराची लष्करी शिस्त आल्याशिवाय हे जमणार नाही. हा तर्क आहे खरा, पण व्हिन्सेंटइतका सोयीचा दुवा दुसरा दिसत नाही.

कोपरगावकराला ही निकड वेगळी समजावून सांगायला नको. गळीत हंगामात साखर कारखान्याचा रोलर तुटला, गव्हाण थांबली, की ऊस वाळायला लागतो आणि चेअरमनचा फोन फिरतो. एओजीत मात्र चेअरमनला काम नाही. मागणारा कोण, हे कोणी विचारत नाही. यंत्र उभं आहे का, एवढंच विचारतात. मालवाहतुकीच्या संकेतांत जिवंत जनावरांना एव्हीआय, मृतदेहाला एचयूएम, तसं अडलेल्या विमानाच्या भागाला एओजी. मला ही तारेची काटकसर वाटत नाही. हुद्द्यांच्या उतरंडीत वाढलेल्या लष्कराला भांडारापुरती ती उतरंड बाजूला ठेवावी लागली, त्याची ही निशाणी आहे.