नौकेच्या तळाचे लेपन : तेलापासून इपॉक्सीपर्यंत (मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मावळ हा प्रदेश समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेला असला तरी त्याचा सागरी व्यवहाराशी असलेला संबंध प्राचीन आहे. कोकणातील बंदरांतून देशावर येणारा व्यापारी मार्ग बोरघाटाच्या परिसरातून जात असे. कार्ले येथील शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्याचा तसेच यवनांचा उल्लेख आढळतो. विसाव्या शतकात या संबंधाला नवे रूप लाभले. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्यात 'एच.एम.आय.एस. शिवाजी' ही नौदलाची प्रशिक्षण संस्था कार्यान्वित झाली. आज 'आय.एन.एस. शिवाजी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. नौकेचा तळ व त्याचा कणा असलेले 'पठाण' (कील) यांच्या संरक्षणाचे तंत्र कसे बदलले आणि त्यात रंग पातळ करण्याच्या किरकोळ वाटणाऱ्या कृतीला महत्त्व का आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक लेपन

लाकडी नौकेचा मुख्य शत्रू म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा टेरेडो हा जीव. त्यापासून बचाव करण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर चुना व चरबी किंवा तेल यांचा लेप पाण्याखालील भागावर दिला जाई. वरच्या भागाला माशाचे तेल लावीत. कोकण-गोव्यात काजूच्या टरफलाचे तेलही वापरात आले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची आणि पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी त्यांना तेल पाजण्याची प्रथा होती. लाकूड उत्तम असेल तर नौका दीर्घकाळ टिकत असे. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानी लाकडातून बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे.

या पद्धतीत प्रमाण हाताच्या अंदाजावर ठरत असे. तेल पातळ झाले तर ते लाकडात अधिक मुरे. उणीव दुसऱ्या हाताने किंवा पुढील हंगामात भरून काढता येई. म्हणजेच कारागिराची चूक दुरुस्त होण्याजोगी होती.

इपॉक्सीचे आगमन

स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान व अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या १९३० व १९४० च्या दशकांतील संशोधनातून इपॉक्सी राळ विकसित झाली. हा रंग केवळ वाळत नाही. राळ व कठीणकारक हे दोन घटक ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर रासायनिक क्रियेने तो घट्ट होतो. थिनर या क्रियेत भाग घेत नाही. त्याने रंग फक्त सुलभपणे पसरतो, आणि नंतर थिनरने उडून जाणे अपेक्षित असते.

येथे हिशेब निर्णायक ठरतो. घनभाग ६० टक्के असलेल्या रंगाचा २०० मायक्रॉन ओला थर दिल्यास सुमारे १२० मायक्रॉनचा कोरडा थर मिळतो. त्याच रंगात १० टक्के थिनर घातल्यास तेवढ्याच ओल्या थरातून सुमारे १०९ मायक्रॉनच उरतात. थिनर याहून अधिक झाल्यास रंग उभ्या पृष्ठभागावरून ओघळतो, थरात सूक्ष्म छिद्रे पडतात व थिनरचा काही अंश आतच अडकतो. म्हणून दोन्ही घटक आधी नीट एकजीव करून मगच निर्मात्याने सांगितलेले थिनर मोजून घालावे, असा संकेत आहे.

मावळातील गोडे पाणी

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्या योजनेतील वळवण, लोणावळा आदी जलाशयांमुळे आणि पुढे पवना धरणामुळे मावळात विस्तीर्ण गोडे पाणी साठले. या पाण्यात टेरेडो नाही, त्यामुळे येथे तळाच्या लेपनाला फारसे महत्त्व नसावे असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि वस्तुस्थिती निराळी आहे. थरात अडकलेला विद्राव्य अंश बाहेरचे पाणी परासरणाने आत ओढतो व रंगाला फोड येतात. पाण्यात क्षार जितके कमी, तितकी ही ओढ प्रबळ असते. त्यामुळे गोड्या पाण्यात हा दोष अधिक संभवतो. त्यातच लोणावळ्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत थिनर उडणे व थर घट्ट होणे या दोन्ही क्रिया बिघडू शकतात. म्हणूनच सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असताना रंगकाम करण्याचा सर्वसाधारण नियम आहे.

समारोप

तेलाकडून इपॉक्सीकडे झालेले संक्रमण हा केवळ पदार्थातील बदल नव्हता. चुकीचे स्वरूपही त्यासोबत बदलले. पूर्वी चूक दिसत असे व सुधारता येत असे. आता ती थराखाली बंदिस्त होते आणि काही महिन्यांनी फोडाच्या रूपाने प्रकट होते. जुन्या अंदाजाची सवय नव्या रंगाला लावल्यास नुकसान अटळ आहे. मात्र यावरून पारंपरिक ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. काजूच्या टरफलातील तेलापासून मिळणाऱ्या कार्डेनॉलपासून आज फिनाल्कामाइन हे इपॉक्सीचे कठीणकारक तयार होते व दमट पृष्ठभागावरही ते उपयुक्त ठरते. गोव्यात बांधलेल्या आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस नेलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतही लाकूड व इपॉक्सी एकत्र आले. कारागिराचा हात आणि मोजमापाची शिस्त परस्परांना पूरक ठरल्यासच नौकेचा तळ सुरक्षित राहतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.