भिंतीवरचा कागद आणि त्यामागचे हात



इतिहास म्हटला की आपल्यासमोर तख्ते, तह आणि तलवारी उभ्या राहतात. आज मी आपल्याला एका भिंतीचा इतिहास सांगणार आहे. तोही भिंतीचा नव्हे, तर तिच्यावर खळीने चिकटविलेल्या कागदाचा. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर आणि सार्वजनिक वाचनालयांच्या कृपेने. त्यामुळे एखादी वस्तू समोर आली की ती किती सुंदर आहे, यापेक्षा ती कोणी केली, किती तासांत केली आणि त्याला काय मिळाले, हेच प्रश्न मला आधी सुचतात. वॉलपेपर या वस्तूला हे प्रश्न विचारले तर तिच्या पोटातून फार मोठा इतिहास बाहेर पडतो.

आपल्याकडे ही वस्तू परकी. आपल्या भिंतीला शेणमातीचा सारवा, नाही तर चुन्याची सफेदी. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर पिठाच्या खळीने कागद लावणे म्हणजे बुरशीला आणि वाळवीला जेवणाचे आमंत्रण देणे होय. चाळीतल्या खोल्यांतून पोपडे झाकायला वर्तमानपत्रे आणि जुनी कॅलेंडरे चिकटविलेली मात्र आपण पाहिली आहेत. भिंतीवरचा कागद खरा नांदला तो युरोपच्या थंड हवेत, आणि तिथेही तो आरंभी भरजरी पडद्यांची स्वस्त नक्कल म्हणूनच आला. श्रीमंताच्या भिंतीवर विणलेले पट आणि मखमल. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या भिंतीवर छापील कागद. गंमत अशी, की चीनमध्ये हाताने रंगविलेले सुंदर कागद ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून लंडनला उतरत, आणि इंग्रज लोक त्यांना ‘इंडिया पेपर’ म्हणत. माल चिन्यांचा, नाव आपले आणि नफा कंपनीचा!

कागद लोकप्रिय होताच सरकारची नजर त्याच्यावर गेली. इ. स. १७१२ मध्ये, ॲन राणीच्या कारकीर्दीत, इंग्लंडने छापील व रंगीत कागदावर चौरस यार्डाला एक पेनी कर बसविला. लोकांनी कोरा कागद घेऊन भिंतीवर लावल्यानंतर त्याच्यावर नक्षी काढण्याची युक्ती शोधली. १८०६ मध्ये तर या कराचा खोटा शिक्का मारणाऱ्यास देहदंडाची शिक्षा ठरली. भिंत सजविण्याच्या कागदापायी गळ्याला फास! हा कर उठला तो १८३६ साली.

आता हा कागद लावण्याचे काम कसे चाले, ते पाहू. इंग्रजी मापाची गुंडाळी सुमारे ११ यार्ड लांब आणि २१ इंच रुंद असे. दोन्ही कडांना कोरी पट्टी सोडलेली असे; ती कात्रीने सरळ कापून काढणे हे पहिले काम. हात जरा हलला की पुढे सांधा तोंड उघडतो. मग गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची. ती फार पातळ झाली तर कागद निसटतो, फार घट्ट झाली तर गोळे उठतात. भिंतीवर ओळंबा सोडून उभी रेघ मारायची, कारण घराचा कोपरा कधीच काटकोनात नसतो. खळ लावलेला पट्टा घडी घालून शिडीवर न्यायचा, वरून सोडायचा आणि मधून कडांकडे कुंचल्याने झाडीत हवा काढायची. आरंभ खिडकीपाशी करून आत जायचे, म्हणजे एकावर एक आलेल्या कडेची सावली दिसत नाही. आणि हे सर्व करताना शेजारच्या पट्ट्यातले अर्धे फूल या पट्ट्यातल्या अर्ध्या फुलाला बरोबर मिळाले पाहिजे. आपल्या गवंड्याचा आणि शिंप्याचा असे दोन हात एकाच माणसाला असावे लागतात, तेव्हा ते जमते.

या धंद्यातली सर्वांत मोठी घटना घडली ती पॅरिसमध्ये. सेंट अँतवान या कामगारवस्तीत झाँ-बातीस्त रेव्हेयाँ याचा वॉलपेपरचा कारखाना होता. हा गृहस्थ उमेदवारीतून वर आलेला. आधी इंग्लंडहून आलेले कागद विकणारा. इंग्लंड-फ्रान्स युद्धात आयात बंद पडली, तेव्हा स्वतःच कागद काढू लागला. त्याच्याकडे तीनशेवर माणसे कामाला होती. १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंचे बलून सजले ते याच्याच कागदांनी, आणि माणूस दोराच्या आधाराने प्रथम वर गेला तो याच्याच आवारातून. म्हणजे त्या काळचा अगदी पुढारलेला कारखानदार!

१७८८ चे पीक बुडाले होते. पुढच्या वर्षाच्या आरंभी चार पौंडांची पाव-लादी साडेचौदा सूंवर गेली. साध्या मजुराची रोजी वीस ते तीस सू. निम्मी रोजी एका लादीत जाई. अशा वेळी, २३ एप्रिल १७८९ रोजी, निवडणुकीच्या एका सभेत रेव्हेयाँने पाव आणि मजुरी यांविषयी काही उद्गार काढले. पाव स्वस्त व्हावा, म्हणजे मजुरीही खाली येईल आणि माल स्वस्त होईल, असा त्याचा आशय होता. वस्तीत बातमी पसरली ती अशी, की हा धनी मजुराला पंधरा सूंवर जगायला सांगतो. पंधरा सू म्हणजे एक लादी. पुढे स्वतःच्या बचावात त्याने लिहिले, की मी तर पंचवीस सूंपासून पुढे रोजी देतो, आणि हिवाळ्यात काम बंद असतानाही माणसे पोसली. ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. दंग्यात पुढे झालेल्यांत त्याचे स्वतःचे कामगार फारसे नव्हतेच. पण भुकेल्या माणसाला मजुरीच्या उतरणीचे अर्थशास्त्र ऐकविले की तो त्यातला पहिला अर्धाच भाग ऐकतो, आणि माझ्या मते बरोबर ऐकतो. पाव उतरेल की नाही हे आभाळावर. मजुरी उतरेल हे मात्र धन्याच्या हातात.

२८ एप्रिलला त्याचे घर आणि कारखाना फोडला गेला. शिपायांनी गोळ्या झाडल्या. किमान पंचवीस माणसे पडली. दुसऱ्या दिवशी दोघांना फाशी दिले. रेव्हेयाँ जीव वाचवायला कुठे लपला? बास्तीयच्या किल्ल्यात! आणि बरोबर अकरा आठवड्यांनी, १४ जुलैला, याच वस्तीतले लोक त्या किल्ल्यावर चालून गेले. फ्रेंच राज्यक्रांतीचा पाढा आपण बास्तीयपासून म्हणतो. त्याची पहिली ओळ वॉलपेपरच्या कारखान्यापाशी लिहिली गेली, हे ध्यानात ठेवावे.

यानंतर यंत्र आले. तोपर्यंत कागद हाताने सुट्या तावांत निघे आणि ताव जोडून पट्टा करीत. लुई-निकोला रोबेर हा एसोन येथील कागद-गिरणीत कामगारांवर देखरेख करी. कारागिरांच्या तंट्यांना कंटाळून, त्यांच्यावाचून कागद निघावा, या इच्छेने त्याने अखंड कागदाचे यंत्र रचले आणि १७९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे लँकेशायरमधील डार्वेन गावी पॉटर कंपनीने १८३९ मध्ये रुळांनी अनेक रंग छापण्याचे यंत्र बसविले. ब्रिटनमध्ये १८३४ साली सुमारे दहा लाख गुंडाळ्या निघत. १८६० पर्यंत तो आकडा नव्वद लाखांच्या जवळ गेला. छपाई करणाऱ्या कारागिराचा ठसा गेला, पण मजुराच्या खोलीत प्रथमच फूल आले. यंत्राने एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यांपैकी एकच सांगणारा माणूस एक तर गिरणीचा मालक असतो, नाही तर आळशी पुढारी.

पण त्या फुलाच्या पानांत विष होते. शेल या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि सोमल यांपासून हिरवा रंग काढला. त्यानंतर १८१४ च्या सुमारास त्याहूनही तेजस्वी हिरवा निघाला. सोमल म्हणजे काय, ते आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. हा रंग भिंतीभिंतीवर चढला. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एका घरातली चार मुले एकामागून एक दगावली आणि डॉक्टरांचे बोट त्यांच्या खोलीतल्या हिरव्या कागदाकडे गेले. १८७४ साली अमेरिकेत मिशिगन येथे डॉ. केड्झी यांनी अशा विषारी कागदांचे खरेखुरे नमुने बांधून शंभर प्रती केल्या आणि ग्रंथालयांना धाडल्या. ग्रंथालयात विष ठेवून विषाची जाणीव देणारे हे पुस्तक! ओलसर भिंतीवरची बुरशी त्या रंगातून सोमलयुक्त वायू सोडते, हे १८९० च्या दशकात इटलीच्या गोसिओने दाखविले.

सर्वांत टोचणारी गोष्ट विल्यम मॉरिस यांची. वॉलपेपरच्या नक्षीत ज्यांचे नाव आजही पहिले घेतात, ते हे गृहस्थ पुढे १८८३ पासून समाजवादी चळवळीत उतरले, रस्त्यावर उभे राहून भाषणे करू लागले. त्यांच्या घराण्याचे धन मात्र डेव्हन परगण्यातील तांब्याच्या एका मोठ्या खाणीच्या भागांतून आलेले, आणि तीच खाण पुढे सोमलाची प्रचंड उत्पादक झाली. मॉरिस स्वतः काही वर्षे तिच्या संचालक मंडळावर होते. त्यांच्या आरंभीच्या एका नक्षीच्या हिरव्या रंगात सोमल असल्याचे २००३ मध्ये रासायनिक परीक्षेने दिसून आले. त्यांचे कागद लाकडी ठशांनी हाताने छापलेले, म्हणून महाग. ज्या मजुरासाठी ते बोलत, त्याच्या भिंतीवर ते कधी लागले नाहीत. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. सोमल उकरणाऱ्या आणि भट्टीत खरवडणाऱ्या माणसाच्या अंगावर फोड उठत होते, ही गोष्ट सुंदर दिवाणखान्यातून दिसत नाही. थोर माणसालाही दिसत नाही. म्हणून ती सांगणारी संघटना लागते. ब्रिटनमध्ये अशा कागदावर बंदी घालणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाइके घाबरली, बिनसोमली माल मागू लागली, तेव्हा कारखानदार वळले. गिऱ्हाइकाची भीती बाजार ऐकतो. कामगाराचा खोकला त्याला ऐकू येत नाही.

खुद्द कागद लावणाऱ्यांची कहाणी लिहिली ती त्यांच्यातल्याच एकाने. रॉबर्ट नूनन हा इंग्लंडमधील हेस्टिंग्ज गावचा रंगारी. टोपणनाव ट्रेसेल. घरे रंगविणाऱ्या, जुने कागद भिजवून खरवडणाऱ्या आणि नवे लावणाऱ्या कामगारांवर त्याने कादंबरी लिहिली. मुकादमाची नजर, घाईने उरकलेले काम आणि हिवाळ्यातली बेकारी, सारे त्यात आहे. त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही. १९११ मध्ये क्षयाने तो लिव्हरपूल येथे वारला आणि बेवारशी गरिबांच्या दफनभूमीत गेला. पुस्तक १९१४ मध्ये कापून निघाले. संपूर्ण निघायला १९५५ साल उजाडले.

आणि तेच दशक या इतिहासाचे वळण ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये गृहस्थ स्वतःच घरी कागद लावू लागला. कडा कापून तयार असलेले कागद आले, पाण्यात कालवताच तयार होणारी खळ आली, मागे आधीच खळ लावलेले कागद आले, आणि बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ दूरचित्रवाणीवर लाखो लोकांना हे काम शिकवू लागले. आमच्या क्षेत्रातले काही जण विचारतात: यात कारागिराची भाकरी गेली नाही का? काही अंशी गेली. पण स्वतःच्या घरी कागद लावायला तीन गोष्टी लागतात. आपली म्हणावी अशी भिंत, महिनाअखेर हातात उरलेला पैसा आणि मोकळा वार. यांपैकी एकही धन्याने दान दिलेली नाही. इंग्लंडच्या कापडगिरण्यांत शनिवारची दुपार मोकळी झाली ती १८५० च्या कायद्याने, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची चळवळ होती. मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवार मिळाला तो १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. सेंट अँतवानचा मजूर दुसऱ्याच्या भिंतीसाठी कागद छापीत होता आणि त्याच्या स्वतःच्या घरात पाव नव्हता. दीडशे वर्षांनंतर त्याच वर्गातला माणूस रविवारी सकाळी बायकोला ओळंबा धरायला सांगून स्वतःच्या खोलीत कागद लावतो आहे. हे अंतर यंत्राने एकट्याने कापले नाही.

तेव्हा मित्रहो, भिंत सजवावी. गरिबाने तर अवश्य सजवावी. शोभा ही काही मालकांची मिरास नव्हे. आज आपल्या शहरांतही मागचा कागद सोलून सरळ चिकटविता येणाऱ्या गुंडाळ्या बाजारात मिळतात, आणि एका दुपारी खोलीचे रूप पालटते. एवढेच करावे, की विकत घेताना रंगात काय आहे हे विचारावे, आणि लावायला माणूस बोलाविला तर त्याच्या शिडीचा पाया पक्का आहे ना हे पाहून त्याची मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी.